घोड्यांच्या ट्रेलरमागे दुसरी ट्रॉली नकोच

महोदय,

सारंगखेड्याची यात्रा किंवा पुण्या-नाशिकच्या घोडेस्वारी स्पर्धा यांसाठी मुंबईहून स्वतःच्या गाडीला ट्रेलर जोडून घोडे नेणाऱ्यांना हे पत्र आहे. चारा, खोगिरे, पाण्याचे ड्रम यांच्यासाठी घोड्यांच्या ट्रेलरमागे आणखी एक छोटी ट्रॉली अडकवायची कल्पना या मंडळींत निघते. ‘उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढतोच की’ हे त्यावरचे ठरलेले समर्थन. पण ट्रॅक्टर रखडत चालतो आणि उसाच्या मोळ्या बांधल्या जागी राहतात. साडेचारशे किलोचा घोडा प्रत्येक वळणावर वजन या पायावरून त्या पायावर टाकत उभा असतो.

सगळ्यात आधी दाराचा विचार करा. दोन घोड्यांच्या बहुतेक ट्रेलरना घोड्यासाठी एकच वाट असते, मागे खाली पाडून उतरण करायची फळी. पुढचे छोटे दार मोतद्दारासाठी, त्यातून घोडा निघत नाही. घोडा आत घसरून पडला, दोन घोड्यांमधल्या आडेखाली पाय अडकला, पोटात कळ आली किंवा गाडीने पेट घेतला, तर फळी पाडून मधली आड काढायची आणि त्याला मागे घ्यायचे, एवढाच मार्ग उरतो. फळी पाडायला मागे दीड-दोन मीटर मोकळी जागा लागते आणि नेमक्या तिथेच दुसऱ्या ट्रॉलीचा दांडा असतो. उतारावर तो हुक सोडवणेही सोपे नाही. ट्रॉली पुढच्या ट्रेलरवर रेटलेली असते, कपलरवर (हुकाला धरणाऱ्या दांड्याच्या तोंडावर) ताण असतो आणि चाकांना दगड न लावता हुक सुटलाच, तर ट्रॉली सोडवणाऱ्याच्या अंगावर येते. आत घोडा लाथा झाडत असताना ही खटपट करायला वेळ कुठून आणायचा?

मग सामानाची ट्रॉली मध्ये आणि घोडे शेवटी ठेवले तर? हे त्याहून वाईट. शेवटचा ट्रेलर सगळ्यात जास्त झोल खातो आणि इथे तर हलक्या ट्रॉलीमागे जड ट्रेलर येतो. अमेरिकेत काही राज्यांत दोन ट्रेलर ओढायची मुभा आहे. तिथे पहिला ट्रेलर सहसा पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या आसावरच (ॲक्सलवर) टेकवलेला असतो. आपल्या एसयूव्हीचा हुक बंपरखाली, आसाच्या बराच मागे असतो, म्हणून ट्रेलरचा झोल गाडीलाही हलवतो.

आता वजनाचे गणित पाहा. मागे ओढायच्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार गाडीच्या हुकावर यावा लागतो. तो कमी पडला की ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. रिकामा ट्रेलर १,००० किलो, घोडे ९०० किलो, म्हणजे एकूण १,९०० किलो. हुकावर १९० किलो हवेत. मागे ६०० किलोची ट्रॉली जोडली आणि तिचा दांडा ६० किलोने खाली दाबत असला, तर काय होते? ट्रॉली अडकवलेला हुक ट्रेलरच्या आसाच्या २ मीटर मागे आणि गाडीचा हुक आसाच्या ३ मीटर पुढे असेल, तर तरफेच्या नियमाने पुढचा भार ४० किलोने घटतो. उरतात १५०, म्हणजे आठ टक्केही नाहीत. खड्ड्यात ट्रॉलीने नाक खाली मारले किंवा घोडे मागे सरकले की तेवढेही राहत नाहीत.

खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना हे सगळे एकदम अंगावर येते. छोट्या ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. गाडी थांबू पाहते तेव्हा ती पुढच्या ट्रेलरला ढुशी देते, घोडा पाय फाकवून तोल धरतो आणि पुढच्याच वळणावर थकलेला पाय घसरतो. ट्रेलर डोलायला लागला तर पायाने जोरात ब्रेक मारू नये. स्टिअरिंग सरळ धरावे, ॲक्सिलरेटर सोडावा आणि ट्रेलरचा हाताने चालणारा इलेक्ट्रिक ब्रेक असेल तर तो हळूहळू लावावा. मागे बिनब्रेकची ट्रॉली असेल तर याचाही उपयोग निम्मा होतो. घाटात गाडी अडली तर दोन सांध्यांची ही रांग रिव्हर्सही घेता येत नाही.

मुळात दुसऱ्या ट्रॉलीची गरजच पडू नये. घोडा दिवसाला वजनाच्या दोन टक्के, म्हणजे सुमारे ९ किलो सुका चारा खातो. दोन घोड्यांना तीन दिवसांसाठी ५४ किलो लागतो. एवढा चारा आणि खोगिरे गाडीच्या डिकीत मावतात. पाणी वाटेत भरता येते. मुक्काम लांबणार असेल तर सामानासाठी वेगळा टेम्पो करावा. तो मागून आला तर ट्रेलरचे दिवे चालतात का, फळी नीट बसली आहे का, हेही त्याच्या चालकाला दिसते.

निघण्यापूर्वी एकट्या ट्रेलरचीही तपासणी हवीच: गाडीच्या हुकाचा ५० मिलिमीटरचा गोळा झिजून ४९ वर आला असेल तर बदला, साखळ्या दांड्याखालून फुलीसारख्या ओवा, ट्रेलर सुटल्यास त्याचे ब्रेक आपोआप लावणाऱ्या स्विचची बॅटरी पाहा.

प्राणी वाहतूक नियम, १९७८ प्रमाणे घोड्यांच्या गाडीचा वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आत हवा आणि मोटार वाहन नियमांनुसार प्रत्येक घोड्याला २.२५ चौरस मीटर जागा. आरटीओ आणि महामार्ग पोलिसांनी टोलनाक्यावर या दोन गोष्टींसोबत तिसरीही पाहावी: घोड्यांच्या ट्रेलरची मागची फळी तिथल्या तिथे पूर्ण उघडता येते का. उघडत नसेल तर ट्रॉली तिथेच सोडवून घ्यावी आणि मगच गाडी पुढे जाऊ द्यावी.

– एक वाचक, महालक्ष्मी, मुंबई