त्या सोन्याच्या शेंगा आहेत!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेरूमधल्या थडग्यांवरचा रविवारचा लेख वाचला. मेलेल्याला परलोकात भूक लागेल या ‘भोळ्या समजुतीने’ सोबत अन्न ठेवत, एवढ्या एका वाक्यात लेखकाने विषय मिटवला. कालपासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

पेरूतल्या सिपानला १९८७ मध्ये पुरातत्त्वज्ञ वॉल्टर आल्वा यांनी एका सरदाराचं जे थडगं खणलं, तिथे अर्पण केलेल्या मडक्यांचा साठाच १,१३७ निघाला. एका माणसाच्या भुकेला एवढी मडकी? ती कुणी घडवली, कुणी भरली, हे नको विचारायला? चिचा, म्हणजे मक्याचं मद्य, करायचं तर मका भिजवून मोड आणायचे, वाळवायचा, दळायचा, उकळायचा, मग आंबत ठेवायचा. किती हात राबले असतील! सरदाराने लोकांना खाऊपिऊ घालायचं आणि लोकांनी त्याच्यासाठी राबायचं, ही तिथल्या अँडीज पर्वतभागातली जुनी रीत. मला तरी त्या मडक्यांत तीच दिसते.

आमची आई गेली तेव्हा दहाव्याला, शेंगा तोडायला येणाऱ्या एक मावशी ओंजळभर ओल्या शेंगा घेऊन नदीवर आल्या. मजुरीचा वाटा मोजून झाला की आई वर सूपभर शेंगा त्यांच्या पदरात ओतायची, दर वर्षी. मावशींनी त्या शेंगा पिंडाशेजारी ठेवल्या. ‘हे विधीत बसत नाही’ म्हणत गुरुजींनी पळीने बाजूला सारल्या. आम्ही भावंडं गप्प राहिलो, त्याची आजही लाज वाटते. मावशी काय आईला भूक लागेल म्हणून आल्या होत्या?

आणि फोटोखाली तुम्ही छापलंय, ‘इंका राजाचा सोन्याच्या कोशांचा हार’. हार सिपानच्या त्याच सरदाराचा, आणि तो मोचे, म्हणजे इंकांच्या आधी पेरूत नांदलेल्या लोकांपैकी. इंकांचं साम्राज्य त्यानंतर हजारभर वर्षांनी उभं राहिलं. आणि ते कोश नव्हेत, भुईमुगाच्या शेंगा आहेत, १० सोन्याच्या नि १० चांदीच्या. भुईमूग मूळचा त्याच खंडातला. आमच्या नातवाने फोटो बघताक्षणी ‘शेंगा!’ म्हटलं.

येत्या रविवारी दुरुस्ती छापावी, ही विनंती. फोटोही पुन्हा छापा, जरा मोठा.

आपला,
एक जुना वाचक