‘लाँगवेअर’ आयलायनर पेन्सिलीचे घटक न कळवता बदलल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय, मुंबई

महोदय,

आज सकाळी आपल्या ग्राहक सेवेशी माझे चौथे बोलणे झाले आणि तेच शेवटचे, असे मी ठरवले आहे. इंग्रजीत पाठवलेल्या दोन ईमेलना उत्तर आले नाही, म्हणून हे पत्र मराठीत लिहीत आहे. कार्यालय मुंबईत आहे, तेव्हा वाचणारे कोणीतरी भेटेलच.

मी बडोद्यात दांडिया बाजारात गेली एकोणीस वर्षे वधूंचा मेकअप करते. आपली काळी पेन्सिल मी सहा वर्षे वापरत आले, ती जाहिरात पाहून नव्हे. इथल्या वैशाखात सकाळी ओढलेली रेघ मंगलाष्टकांच्या वेळच्या घामातून आणि पाठवणीच्या रडण्यातूनही जागची हलत नसे. या फेब्रुवारीत घेतलेल्या बारा पेन्सिलींपैकी पहिली वापरली, तेव्हा मात्र अंतरपाट दूर होण्याआधीच वधूच्या डोळ्यांखाली काळे उतरले होते. पुढच्या दोन लग्नांत दोन वेगळ्या पेन्सिलींनी तेच केले.

जुन्या पेन्सिलीचे एक खोके माझ्या कपाटात होते. दोन्ही खोकी शेजारी ठेवून मी भिंगातून वाचली. जुन्या घटकांच्या यादीत आरंभी सायक्लोपेंटासिलॉक्सेन आहे आणि त्याच्या लगेच मागे ट्रायमिथाइलसिलॉक्सिसिलिकेट. पहिले उडून जाते. दुसरे राळेसारखे मागे राहते आणि पापणीवर पाणी व तेल दोन्हींना न जुमानणारा पातळ थर धरते. रेघ मिनिटभरात सेट होते ती या जोडीमुळे, हे मी आपल्याला सांगायला नको. नव्या यादीत आरंभी सिंथेटिक वॅक्स आणि हायड्रोजनेटेड वनस्पती तेल आहे, सायक्लोपेंटासिलॉक्सेन नाहीच, आणि ती राळ जाऊन बसली आहे टोकोफेरॉलच्याही, म्हणजे ई जीवनसत्त्वाच्याही, खाली. २०२० च्या सौंदर्यप्रसाधने नियमांप्रमाणे एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, आणि टोकोफेरॉल अशा पेन्सिलीत साधारणपणे त्याहून कमीच घालतात. मग त्याच्याही खालची राळ किती असेल, याचा हिशेब आपणच करावा. खोक्यावर ‘२४ तास’ मात्र पूर्वीच्याच ठळक अक्षरांत आहे.

युरोपीय संघ जून २०२७ पासून अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांतही सायक्लोपेंटासिलॉक्सेनवर ०.१ टक्क्याची मर्यादा घालणार आहे, हे मला ठाऊक आहे, आणि त्यासाठी आपण ते काढले असेल तर माझे काही म्हणणे नाही. परंतु त्याच्या जागी आयसोडोडेकेन हे तसेच उडून जाणारे द्रव्य चालते. माझ्या पेटीतील दुसऱ्या दोन कंपन्यांच्या पेन्सिलींत तेच आहे आणि राळ यादीत वरच आहे. उडून जाणारे द्रव्य बदलले म्हणून थर धरणारेही कमी करावे लागते, असे नव्हे. ते कमी केले ते खर्च वाचवण्यासाठी, असा माझा तर्क आहे, आणि तो चुकीचा असल्यास आपण लेखी खोडून काढावा.

आता आजच्या बोलण्याविषयी. मी आपल्या प्रतिनिधीला एवढेच विचारले की ही राळ यादीत खाली का गेली. त्यांनी मला तो शब्द तीनदा उच्चारायला लावला, मग फोन धरून ठेवायला सांगितले, अकरा मिनिटे संगीत ऐकवले आणि परत येऊन विचारले, “मॅडम, आपण पेन्सिलीचे टोपण काढता ना?” मी काढते, असे सांगितले. त्यावर ते म्हणाले की वय वाढले की पापण्यांची त्वचा सैल पडते, त्यामुळे काजळ पसरते, यात प्रॉडक्टचा दोष नाही. वधू चोवीस वर्षांची आहे, असे मी सांगितल्यावर क्षणभर थांबून ते म्हणाले, “तरी पण, मॅडम.” या ‘तरी पण’चा अर्थ मी सकाळपासून शोधते आहे. शेवटी त्यांनी आयलायनर कसे लावावे याचा व्हिडिओ पाठवण्याची तयारी दाखवली. एकोणीस वर्षांनंतर शिकण्याची ही संधी दिल्याबद्दल मी कंपनीची ऋणी आहे.

तिसऱ्या बोलण्यात दुसऱ्या एका प्रतिनिधीने ३० ग्रॅमपेक्षा लहान पॅकवर घटक छापण्याची सक्तीच नाही, असे ऐकवले होते. सक्ती नसेल, पण आपण यादी छापली आहे, ती वाचूनच मी बोलते आहे, आणि त्या यादीत राळ टोकोफेरॉलच्या खाली आहे.

बारापैकी नऊ पेन्सिली न उघडलेल्या आहेत. बाराही परत घेऊन ७,८०० रुपये परत करावेत, आणि घटक कोणत्या बॅचपासून बदलले ते लेखी कळवावे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि गरज पडल्यास दोन्ही खोकी घेऊन वडोदऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात उभी राहीन. माझ्याकडे शिकून गेलेल्या मुली आजवर माझ्या शब्दावर तुमचीच पेन्सिल घेत आल्या; त्यांना काल मी ती घेऊ नका म्हणून सांगितले, आणि हे सांगताना मला बरे वाटले नाही.

व्हिडिओ पाठवू नये.

आपली (आजपर्यंतची) ग्राहक,
दांडिया बाजार, वडोदरा

सोबत: दोन्ही खोक्यांची छायाचित्रे, बिलाची प्रत