काकू, त्या दिवशी तुम्ही गप्प बसलात म्हणून

काकू, सप्रेम नमस्कार.

काल माई नातवाला घेऊन दवाखान्यात जाऊन आल्या. मी कामावर होते, हे पीथमपूरला कारखान्यात. संध्याकाळी घरी पोचले तर मुलगा दारातच उभा. म्हणाला, "आई, मी काहीच बोललो नाही. डॉक्टरांनी मलाच विचारलं, तरी नाही बोललो. आजीच बोलली." माई आत देवापुढे वात लावत होत्या. त्यांनी मान वळवून बघितलंसुद्धा नाही. मी पर्स खाली ठेवली आणि ओट्यापाशी जाऊन थोडा वेळ नुसती उभी राहिले. हे पत्र तिथेच मनात सुरू झालं. समोर बसून बोलायला गेलं की तुम्ही "अगं, जाऊ दे गं" म्हणत चहा टाकता आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून लिहितेय. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला पत्र लिहावं लागतं, ते असं.

दोन वर्षांपूर्वी कराडहून निघालो तेव्हा सगळे म्हणाले, "इंदूर म्हणजे आपलंच की. होळकरांचं गाव, मराठी माणसं ढिगानं. आणि हिंदी काय, येतेच सगळ्यांना." आम्हालाही तसंच वाटलं होतं. जन्मभर हिंदी सिनेमे बघितलेले. पण ऐकलेलं कळणं वेगळं आणि तोंडातून निघणं वेगळं, हे इथे पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं. शब्द ओळखीचे वाटायचे आणि ऐन वेळी दगा द्यायचे. मुलाच्या डायरीत लिहून आलं, "अभिभावक के हस्ताक्षर आवश्यक." हस्ताक्षर म्हणजे आपल्याकडे अक्षर, वळण. मी त्याला बसवून पानभर शुद्धलेखन लिहून घेतलं आणि पाठवलं. त्यांना माझी सही हवी होती. सही नाही म्हणून पोर तासभर वर्गाबाहेर उभं राहिलं. घरी आल्यावर जेवलं नाही.

मी शाळेत भेटायला गेले. समोरच्या बाईंनी वहीतून डोळे वर न काढता सांगितलं, "घर में मराठी बंद कीजिए, अपने आप आ जाएगी." काकू, मी तुम्हाला हे कधी पूर्ण सांगितलं नाही. आम्ही खरंच बंद केली. आठ दिवस. त्या आठ दिवसांत आम्ही तिघं मोडकंतोडकं काहीतरी बोलत राहिलो आणि माई गप्प झाल्या. ताटावर बसायच्या, काही हवं असलं तर बोटानं दाखवायच्या. सत्तरीची बाई, जिच्या आवाजानं आमचं गावाकडचं अंगण भरलेलं असायचं, ती आपल्याच घरात मुकी झाली. नवव्या दिवशी ह्यांनी ताटावरच सांगितलं, "बास झालं." त्या बाईंना मी अजून माफ केलेलं नाही.

मग ह्यांनी क्लास लावला. पैसे आगाऊ भरले, तीन महिने गेले, हातात आले झेरॉक्सचे गठ्ठे. ह्यांनी तिथे "मैं खाना खाया" म्हटलं की शिकवणारा अख्ख्या वर्गाकडे बघून हसायचा. चूक काय ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आणि मग माईंचे पाय. रात्री पायाला मुंग्या यायच्या, तळवे बधिर व्हायचे. जवळच्या एका दवाखान्यात मी त्यांना घेऊन गेले. मी फॉर्म भरत होते तेवढ्यात त्यांनी स्वतःच धीर करून सांगितलं, "पाँव में चींटी आती है." कंपाउंडर हसला. बाकावर बसलेले दोघंतिघं हसले. डॉक्टरांनी पायाकडे वरवर बघितलं आणि खाजेचं मलम लिहून दिलं. मी सांगायला गेले तर मलाही शब्द सापडेना. ते मलम माईंनी चार महिने इमानेइतबारे चोळलं. मुंग्या चामडीवर नव्हत्याच. पण सगळ्यात वाईट म्हणजे त्या दिवसानंतर त्या घराबाहेर कुणाशी बोलेनाशा झाल्या. भाजीवाला दारात आला की आत निघून जायच्या.

हे सगळं तुम्हाला जिन्यात कळलं. मी माईंवर ओरडत होते, आणि तुम्ही दळण घेऊन वर चाललेल्या. तुम्ही काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला गवार आणि एक वही घेऊन आलात आणि म्हणालात, "माझ्याकडून एकटीनं निवडून नाही होत, चला बसा सगळे." शाळेत तीस वर्षं हिंदी शिकवलेली बाई आमच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून गवार मोडू लागली. तुमचं ते इंदुरी मराठी ऐकून मुलगा आधी चकित झाला. "अरे, घाबरून काय राहिलास?" असं कुणी विचारतं हे त्याला नवीनच होतं.

नियम तुम्ही एकच घातलात. सात ते साडेसात हिंदी, आधी आणि नंतर मराठी. आणि कुणी कुणाला हसायचं नाही.

काय काय शिकलो त्या अर्ध्या अर्ध्या तासांत! हिंदीत नपुंसकलिंग नाही, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. मग आपलं "ते" सगळं जातं कुठे? घर, पाणी, दूध, दही पुल्लिंगात गेलं, पुस्तक आणि नाक स्त्रीलिंगात. आवाज आपल्याकडे "तो", इथे "मेरी आवाज़". चहा "तो", चाय "ती". देह आणि आत्मा दोन्ही इथे स्त्रीलिंगी, हे ऐकून माई बराच वेळ विचार करत बसल्या होत्या. तुम्ही नियम पाठ करून घेतले नाहीत. जे हातात असेल ते उचलून "मेरा" की "मेरी" एवढंच विचारायचात. चमचा, वाटी, सुरी, ताट. मुलगा झोपेतसुद्धा "मेरी रज़ाई" म्हणाला एकदा.

आणि ह्यांचं ते "मैं खाना खाया". तुम्ही हातातली शेंग खाली ठेवून विचारलंत, "मराठीत 'तो खाल्ला' म्हणतोस का 'त्याने खाल्लं'?" हे म्हणाले, त्यानं. "आणि तू स्वतः?" मी खाल्लं. "बस. आपल्याकडे मी आणि तू यांना 'ने' माफ आहे. हिंदीत कुणालाच माफ नाही. मैंने, तूने, उसने. आणि पोळी खाल्ली तशीच रोटी खाई." संपलं. तीन महिन्यांची फी भरून जे मिळालं नाही ते गवार निवडता निवडता मिळालं, तेही आपल्याच भाषेचा हात धरून. हे त्या रात्री मला म्हणाले, "मी ढ नव्हतो गं." हा माणूस कारखान्यात पन्नास जणांची शिफ्ट सांभाळतो, काकू. त्याला इतके दिवस असं वाटत होतं.

मराठी बंद करायला सांगितलं होतं हे कळल्यावर मात्र तुम्ही चिडलात. तेवढं एकदाच मी तुम्हाला चिडलेलं पाहिलं. मुलाला जवळ घेऊन तुम्ही मुक्तिबोधांचं सांगितलंत. घर मराठी, गजानन माधव हिंदीतले मोठे कवी झाले, ते इथेच होळकर कॉलेजात शिकले, आणि त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. एका आईच्या दोन लेकरांनी दोन भाषा घेतल्या आणि कुणाची कुणाला अडचण झाली नाही. मग एका रविवारी आम्हाला आरएनटी मार्गावर हिंदी साहित्य समितीची वास्तू दाखवायला नेलंत. 1918 साली गांधीजी इंदूरला हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून आले होते, 1935 मध्ये पुन्हा आले. "त्यांची स्वतःची भाषा गुजराती होती," एवढं म्हणून तुम्ही मुलाकडे बघितलंत. तो दुसऱ्या दिवशी शाळेत हे सांगून आला. त्यानंतर त्याला कुणी मराठीवरून काही बोललं असेल तर मला माहीत नाही, निदान तो रडून घरी आला नाही.

माईंना तुम्ही "ळ" परत दिलात. सगळे कमल, बाल, काला म्हणतात, आपला ळ इथे नाहीच, असं त्या म्हणायच्या. तुम्ही म्हणालात, "माळवीत, इथल्या बोलीत, आहे की! खेड्यातून येणाऱ्या मेथीवालीशी बोलून बघा." आता ती मेथीवाली आधी आमच्या दारात थांबते. आणि सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा, म्हणजे मक्याचा, कीस खाताना माई केवढ्या खूश झाल्या होत्या, कीस म्हणजे आपलाच कीस म्हणून!

पण मला आभार मानायचे आहेत ते यातल्या कशाचेच नाहीत. मला तो मंगळवार सांगायचाय.

नव्या डॉक्टरांकडे तुम्ही माईंबरोबर आलात. मी तुमच्या शेजारी होते. माईंना बाजूच्या खुर्चीवर बसवलं आणि डॉक्टर, भले गृहस्थ होते ते, सवयीनं तुमच्याकडे वळले. "इन्हें क्या तकलीफ़ है?" तुम्हाला सगळं माहीत होतं. मुंग्या येण्याला झुनझुनी हा शब्द तुम्हीच माईंना आदल्या दोन संध्याकाळी दिला होता. एका वाक्यात सांगून मोकळ्या झाला असतात. तुम्ही म्हणालात, "वो बताएँगी." आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलात.

काकू, ती शांतता किती लांब होती! बाहेर नंबर लागलेले, डॉक्टरांच्या हातात पेन. माझ्या ओठावर आलं होतं सगळं. मी तोंड उघडलंच, तर तुम्ही न बघता माझ्या मनगटावर हात ठेवलात. दाबला नाही, नुसता ठेवलात. माईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मग म्हणाल्या, "झुनझुनी होती है. रात को. फिर पैर सुन्न पड़ जाता है. चप्पल निकल गई तो भी समझता नहीं." शेवटचं समझता नहीं तुमच्या वहीत बसणार नाही, पण डॉक्टरांना समजलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि थेट माईंना विचारू लागले. कब से, कौन सा पैर, प्यास लगती है क्या. माई उत्तरं देत गेल्या. साखर तपासली, वाढलेली निघाली. औषध सुरू झालं. ते सगळं आता मार्गी आहे.

चपलेचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी ते मराठीतसुद्धा कधी सांगितलं नव्हतं. तुम्ही बोलला असतात तर ते आलंच नसतं बाहेर.

मी त्या रात्री हिशोब केला. दोन वर्षांत मी माईंच्या वतीनं किती वेळा बोलले. दुकानात, बँकेत, शेजारी, फोनवर. मला वाटायचं मी मदत करतेय. घाई माझी होती. त्यांना बोलायला लागला असता तो अर्धा मिनिट मला द्यायचा नव्हता. हसणारा कंपाउंडर वाईट होता हे खरं, पण माईंच्या तोंडचा घास मीही काढून घेत होते. ज्याला येतं त्यानं न येणाऱ्यासाठी थांबायचं, हे फार अवघड आहे काकू. चांगली माणसं पुष्कळ असतात, धावून येतात, सगळं करून देतात. थांबणारं माणूस मी तुमच्यासारखं दुसरं पाहिलं नाही. आणि ते आता माझ्या नऊ वर्षांच्या मुलात उतरलंय. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, काकू. काल त्यानं बघून शिकलेलं केलं.

वही मी परवा परत पाठवणार होते, पण माई देत नाहीत. त्यांचं एक अडलंय. दात दुखतो तेव्हा जी "कळ" येते, तिला हिंदीत काय म्हणायचं? मी टीस सांगितलं, ह्यांनी दर्द सांगितलं. दोन्ही त्यांना पटलेलं नाही. म्हणतात, "कळ म्हंजी कळ. काकूंना इचार." तर गुरुवारी याल तेव्हा तेवढं सांगा. माई मटार आणून ठेवणार आहेत सोलायला.

तुमची,
वरच्या मजल्यावरची सून