जपानमध्ये हॉटेल काढण्याआधी एवढे तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पन्नास लाख येनमध्ये जपानला हॉटेल आणि कुटुंबासह व्हिसा’ असा मजकूर नाशिकमध्ये अजूनही मोबाइलवर फिरतो आहे. मिसळीचा जम बसलेले व्यावसायिक, सातपूर-अंबडमध्ये कँटीनचा ठेका घेणारे, हॉटेल मॅनेजमेंट करून नुकतीच बाहेर पडलेली मुले, सगळ्यांपर्यंत तो पोहोचतो. त्याच्या भरवशावर कोणी जमीन विकायला काढण्याआधी चार गोष्टी छापून याव्यात, म्हणून हे पत्र.

पन्नास लाखांचा आकडा जुना आहे. जपानने ‘बिझनेस मॅनेजर’ व्हिसाचे नियम १६ ऑक्टोबर २०२५ पासून बदलले. आता भांडवल ३ कोटी येन लागते, म्हणजे साधारण पावणेदोन कोटी रुपये. शिवाय किमान एक पूर्णवेळ कर्मचारी हवा, आणि तो जपानी नागरिक, कायम रहिवासी किंवा त्यांचा जोडीदार अशा वर्गातलाच हवा. इथून नेलेला आचारी त्यात धरला जात नाही. अर्जदार किंवा पूर्णवेळ कर्मचारी यांपैकी एकाला जपानी भाषेच्या एन-२ पातळीच्या परीक्षेच्या तोडीचे जपानी यावे लागते. अर्जदाराकडे व्यवस्थापनाचा तीन वर्षांचा अनुभव किंवा संबंधित विषयातली पदव्युत्तर पदवी असावी लागते आणि व्यवसायाचा आराखडा तिथल्या सनदी लेखापाल, करतज्ज्ञ किंवा मान्यताप्राप्त लघुउद्योग सल्लागाराकडून तपासून घ्यावा लागतो. हे सगळे न सांगता पैसे मागणारा एजंट एकतर अडाणी आहे किंवा फसवतो आहे.

आणखी एक गोष्ट हमखास लपवली जाते. हा व्हिसा मालकाचा आहे, स्वयंपाक्याचा नाही. मालकाने दिवसभर कढईपुढे उभे राहायचे किंवा टेबले पुसायची, असा धंदा दाखवला तर व्हिसाच्या नूतनीकरणाला अडचण येते. आपल्याकडे छोटे हॉटेल मालकाच्या हातावरच चालते. तिथे तो हिशेब बसत नाही, पगारी माणसे धरावीच लागतात. कुटुंबाच्या व्हिसावर आलेली पत्नी परवानगी घेऊन आठवड्याला २८ तासच काम करू शकते.

खरी परीक्षा गाळा घेताना होते. तिथल्या जाहिरातीत दोन शब्द बघायचे असतात, ‘केईन्शोकू’ आणि ‘जूइन्शोकू’. पहिल्यात हलका स्वयंपाक म्हणजे चहा, कॉफी, सँडविच एवढेच चालते. तळण, फोडणी, धूर आणि वास असलेला स्वयंपाक दुसऱ्यात मोडतो. करीचे हॉटेल जूइन्शोकूच. स्वस्त दिसलेला गाळा केईन्शोकूचा निघाला तर पहिल्याच फोडणीला वरच्या मजल्यावरून तक्रार येते आणि मालक करारावर बोट ठेवतो. मग भाडेही गेले आणि केलेले फर्निचरही.

गाळ्याची अनामत सहा ते दहा महिन्यांच्या भाड्याइतकी असते. त्यावर परत न मिळणारी रक्कम वेगळी, आपल्या पागडीची धाकटी बहीण म्हणा. दलालाला एक महिन्याचे भाडे आणि हमी देणाऱ्या कंपनीचे शुल्क वेगळे. आधीच्या हॉटेलची भांडी, शेगड्या, एक्झॉस्टसह मिळणाऱ्या गाळ्याला ‘इनुकी’ म्हणतात. पैसे वाचतात म्हणून नवखा तिकडेच वळतो आणि ते चूकही नाही. पण करार संपल्यावर गाळा ‘होता तसा’ करून द्यायची अट त्यातही बहुधा असते, आणि ‘होता तसा’ म्हणजे आधीच्या माणसाने बसवलेलेही सगळे उखडून नुसत्या भिंती. त्या तोडफोडीचा खर्च आधीच विचारून घ्या. करार ठरावीक मुदतीचा, नूतनीकरण नसलेला आहे का, हेही बघा. तसा असेल तर चार वर्षांनी गिऱ्हाईक जमलेले असताना उठावे लागते आणि भरपाई मिळत नाही. व्हिसाचा अर्ज करतानाच गाळा हाती असावा लागतो, निकालाला काही महिने लागतात, आणि तेवढे दिवस बंद शटरचे भाडे खिशातून जाते. ही रक्कम कुठल्याच पत्रकात नसते.

आता मोरी. तिथे ‘होकेन्जो’ हे आरोग्य कार्यालय परवाना देते. बांधकामाआधी नकाशा त्यांना दाखवावा, नंतर नको. दोन कप्प्यांचे सिंक, कामगारांसाठी हात धुण्याचे वेगळे बेसिन, भांड्यांच्या कपाटाला दारे, फ्रीजला थर्मामीटर हे सगळे ते बघतात. जून २०२१ पासून बेसिनचा नळ धुतलेल्या हाताने पुन्हा फिरवावा लागणारा चालत नाही. लिव्हर किंवा सेन्सर हवा. जुन्या इनुकी गाळ्यात गोल चावीचा नळ तसाच राहिलेला असतो आणि तपासणी तिथे अडते. नळ काही हजार येनचा, पण उद्घाटनाची तारीख पुढे जाते.

सिंकखाली जमिनीत तीन कप्प्यांचा ग्रीस ट्रॅप असतो. पहिल्या कप्प्यात जाळीची टोपली असते, तिच्यात मटकी आणि फरसाणचे तुकडे अडकतात. दुसऱ्यात तेल वर तरंगते, तिसऱ्यातून पाणी गटारात जाते. टोपली रोज, तेलाचा थर दोन-तीन दिवसांनी, तळाचा गाळ महिन्याला काढावा लागतो, आणि ते तेल कचऱ्यात टाकता येत नाही, परवानाधारक ठेकेदाराला पैसे देऊन द्यावे लागते. आपल्या मिसळीचा कट तर्रीशिवाय होत नाही. तर्री ताटलीत उरते, ताटली सिंकमध्ये जाते आणि ट्रॅप आठवडाभरात भरून वास सुटतो. म्हणून ताटल्या धुण्याआधी कागदाने पुसायची सवय कामगाराला पहिल्या दिवसापासून लावावी.

इथला मिक्सर, ग्राइंडर नेऊ नका. घरगुती वीज १०० व्होल्टची आहे, शिवाय टोकियोकडे ५० आणि ओसाकाकडे ६० हर्ट्झ. आपली २३० व्होल्टची मोटर तिथे नीट फिरत नाही. शेगडीचेही तेच. सिलिंडरच्या गॅसचे नोझल तिथल्या शहरी गॅसला जुळत नाही. भट्टीची तंदूर बसवायची तर आधी अग्निशमन कार्यालयात विचारा. कामगार धरून ३० माणसे मावतील अशा हॉटेलला अग्निप्रतिबंध व्यवस्थापक नेमावा लागतो. डिसेंबर २०१६ मध्ये इतोइगावा शहरात एका चिनी हॉटेलातल्या विस्तवावर राहिलेल्या कढईने १४७ इमारतींना आग लावली. त्यानंतर, ऑक्टोबर २०१९ पासून, गाळा कितीही लहान असो, विस्तव वापरणाऱ्या हॉटेलात अग्निशामक सिलिंडर सक्तीचा झाला.

घरचा काळा मसाला बॅगेत भरून न्यायचा आणि हॉटेलात वापरायचा, हा बेत सोडा. विक्रीसाठीचा खाद्यपदार्थ आणला की आयातीची नोंद द्यावी लागते. मिरची आणि मसाल्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष किलोला १० मायक्रोग्रॅमच्या वर चालत नाही. अंगणात वाळवताना दव लागलेल्या मिरचीत ते सहज वाढते. ज्या कीटकनाशकाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला सरसकट ०.०१ पीपीएम, म्हणजे किलोला ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधक औषधाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षे अडकली, त्याची झळ बसलेल्या निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांना हे समजावून सांगायला नको. तिथल्या आयातदाराकडून मसाला घ्या, महाग पडला तरी.

आता गल्ल्याचा हिशेब. समजा २० खुर्च्या आणि ३ लाख येन भाडे. भाडे विक्रीच्या दहा टक्क्यांत बसवायचे तर महिन्याला ३० लाख विक्री हवी, २५ दिवस धरले तर रोज १ लाख २० हजार. दुपारच्या करी-नान सेटला हजार येनच्या आसपास मिळतात. दीड वेळा खुर्च्या भरल्या तर ३० ताटे, ३० हजार येन. उरलेले ९० हजार संध्याकाळी मिळवायचे, म्हणजे अडीच हजार येन खर्च करणारी ३६ माणसे रोज. ती तंदुरी आणि बिअरवर येतात, मिसळीवर नाही. टोकियोत ताशी किमान वेतन ऑक्टोबर २०२५ पासून १,२२६ येन आहे आणि कंपनीला पूर्णवेळ कामगाराच्या पगारावर सुमारे १५ टक्के सामाजिक विम्याचा वाटा भरावा लागतो. मिसळ जरूर ठेवा, पण शनिवार-रविवारी, मोजक्या ताटल्या. तिच्यावर भाडे निघणार नाही. ज्या गावात आधीच नेपाळी बांधवांची तीन करी-नान हॉटेले आहेत, तिथे चौथे काढून भावात स्पर्धा करू नये.

शेवटी आपल्या आचाऱ्यांविषयी. त्यांचा व्हिसा वेगळा, कुशल कारागिराचा. त्याला भारतीय स्वयंपाकाचा दहा वर्षांचा अनुभव लागतो आणि तो कागदावर लागतो. तिथले अधिकारी दाखला देणाऱ्या हॉटेलला फोन करून खातरजमा करतात. आपल्याकडे पंधरा वर्षे तंदूर सांभाळणाऱ्या वस्तादाकडे नेमणुकीचे पत्र नसते, पगार रोखीत, पीएफ नाही, आणि मधली दोन हॉटेले बंद पडलेली. मग एजंट खोटा दाखला बनवतो, फोनवर ते उघडे पडते, अर्ज फेटाळला जातो आणि त्या माणसाच्या नावावर कायमची नोंद राहते. नाशिकच्या हॉटेलमालकांना विनंती आहे की, कारागिराला रुजू होताना तारीख आणि कामाचे नाव लिहिलेले पत्र द्या, पगार बँकेत जमा करा आणि तो सोडून जाताना हॉटेलचा दूरध्वनी असलेल्या लेटरहेडवर दाखला द्या.

आपला,
हॉटेल व्यवसायातील एक वाचक
इंदिरानगर, नाशिक