गरमच पोत्यांत भरलेल्या फिनिशर खाद्याबद्दल तक्रार

दि. २४ जुलै

प्रति,
विक्री व्यवस्थापक,
कोंबडी खाद्य विभाग

विषय : १४ जुलैला आलेल्या ब्रॉयलर फिनिशर पेलेटची (मांसाच्या कोंबड्यांना शेवटच्या टप्प्यात देतात त्या गोळी खाद्याची) ६० पोती

महोदय,

माझं सिन्नर तालुक्यात २,००० पक्ष्यांचं शेड आहे. कंपनीच्या करारावर नाही, पिल्लं आणि खाद्य दोन्ही पदरच्या पैशाने घेतो. त्यामुळे नुकसानही माझ्याच खिशातून जातं.

१४ तारखेला संध्याकाळी गाडी आली. पोती उतरवताना हमाल म्हणाला, "मालक, पाठीला भाकरीसारखी ऊब लागतेय." मी हात लावून पाहिला, खरंच गरम होती. शिलाईतल्या चिठ्ठीवर उत्पादनाची तारीखही १४ जुलैच. तेव्हाच गाडी परत पाठवायला हवी होती. पण पक्षी २४ दिवसांचे, जुनं खाद्य संपलेलं.

थप्पीच्या वरची पोती आधी फोडली. त्यात गोळी कमी, भुकटीच जास्त. एक किलो चाळलं तर ३५० ग्रॅम पीठ खाली पडलं. पक्षी गोळी वेचतात, पीठ फीडरमध्ये तसंच राहतं, उरलेलं चोचीला चिकटून ड्रिंकरमध्ये जातं. पेलेटचा जादा दर मी कशासाठी मोजतो?

१९ तारखेला मधली पोती लागली. आतून दमट, खाद्याचे नारळाएवढे गड्डे, फोडले की आत हिरवट बुरशी आणि कुबट वास. आदल्या रात्री आमच्या गड्याने त्यातलंच एक पोतं गड्डे फोडून फीडरला टाकलं होतं, हेही लपवत नाही. पुढच्या तीन दिवसांत ६१ पक्षी मेले. एरवी दिवसाला दोन-तीन मरतात. डॉक्टरांनी चिरून पाहिले, यकृत पिवळट आणि सुजलेलं. बुरशीच्या विषाचा संशय त्यांनी लिहून दिला आहे.

तुमचे डीलर म्हणतात, "पावसाळ्यात एवढं चालायचंच, तुम्ही जमिनीवर ठेवलं असेल." पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दोन फूट लांब होती. बाहेरून कोरडी, ओल आतून. वाफेवर शिजवलेली गोळी कूलरमध्ये नीट गार न करता भरली, की तिची वाफ पोत्यातच पाणी होऊन बसते. वाफेने जंतू मरतात असं तुमच्या जाहिरातीत आहे. मग त्याच वाफेचं पाणी पोत्यात का कोंडलं? भारतीय मानकाप्रमाणे ओलावा ११ टक्क्यांच्या वर नको.

उरलेली ३३ पोती उचलून त्यांचे पैसे परत करा, वाहतूक तुमची. या लॉटचा ओलावा आणि अफ्लाटॉक्सिनचा (बुरशीच्या विषाचा) तपासणी अहवाल द्या आणि ६१ पक्ष्यांची भरपाई करा. बंद पोत्यातला नमुना पंचांसमोर सील करून ठेवला आहे. तुमचा माणूस आठ दिवसांत आला नाही तर तो प्रयोगशाळेत जाईल आणि मी ग्राहक आयोगात.

सोबत : बिल, चिठ्ठी, फोटो, डॉक्टरांचा दाखला.

आपला,
एक कुक्कुटपालक