बेडकाच्या डोळ्यावर झोत नको

माननीय संपादक महोदय,

पाऊस सुरू झाला की बेडूकशिकारीविरुद्ध पत्रे येतात, तशी यंदाही आपल्या दैनिकात आली. 'जंपिंग चिकन' या नावाने खाण्यासाठी बेडूक धरणे हा 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे आता कोणाला नव्याने सांगायला नको. मला बोलायचे आहे ते आम्हा बेडूकप्रेमींबद्दल. चोर्ला घाटात रात्री फोटो काढत हिंडणाऱ्यांत मीही असतो, आणि आमच्या बॅटऱ्या शिकाऱ्यांच्या बॅटऱ्यांहून प्रखर असतात.

"झोत मारला तर काय बिघडले? दिपतो घडीभर," असे परवा सोबतच्या एकाने ऐकवले. घडीभर नव्हे!

बेडकाच्या डोळ्यातल्या, मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशींत ऱ्होडोप्सिन नावाचे तांबूस-जांभळे द्रव्य असते. ऑप्सिन या प्रथिनाच्या पोटात रेटिनलची इवलीशी वाकडी साखळी अडकवलेली असते. ती बनते अ जीवनसत्त्वापासून. आपल्याला ते टाकळ्याच्या भाजीतून मिळते, बेडकाला किड्यांतून. प्रकाशाचा एक कण लागला की साखळी सरळ होते. सेकंदाचे पाच लाख कोटी भाग केले तर त्यातल्या जेमतेम एका भागात! तिच्या धक्क्याने प्रथिन कूस बदलते, पुढे एकामागून एक रेणू जागे होतात आणि शेवटी पेशीत सोडियम घेणारी दारे मिटतात. म्हणजे ही पेशी अंधारात चालू असते आणि उजेडात गप्प होते. वर्गात हे सांगितले की मुले हमखास म्हणायची, "सर, उलटे सांगताय."

सरळ झालेली साखळी मग प्रथिनातून सुटते. तिला दंडपेशींच्या मागच्या थरात नेऊन पुन्हा वाकवून आणावे लागते, आणि हे काम सावकाश चालते. लख्ख उजेडातून काळोखात आल्यावर माणसाची नजर पुरती बसायला अर्धा तास लागतो. थंड रक्ताच्या बेडकाला त्याहून जास्त. आपण फोटो घेऊन चहाला निघून जातो, तो मात्र नानेटी सापासमोर आंधळा बसलेला असतो.

हे द्रव्य उजेडात विटते, हे फ्रान्झ बोल यांनी 1876 साली पाहिले तेही बेडकाच्याच डोळ्यात. शिवाय बेडकाला दंडपेशी दोन जातींच्या, एक हिरव्या उजेडाला दाद देणारी, दुसरी निळ्या. आपल्याकडे एकच. म्हणून आपल्याला सगळे काळे दिसते तेव्हाही त्याला रंग कळू शकतात.

उपाय दोन रुपयांचा आहे. ऱ्होडोप्सिन तांबड्या उजेडाला फारसे जुमानत नाही. प्रयोगशाळेतही ते मंद तांबड्या दिव्याखालीच हाताळतात. बॅटरीवर लाल जिलेटिन कागद दुपदरी बांधावा, उजेड मंद ठेवावा, फ्लॅश बंद. गेल्या शनिवारी आम्ही तसे केले. शेताच्या मेरेवर बसलेला बेडूक जागचा हलला नाही, पण थिजलाही नाही. आमच्या देखत त्याने एक उडता किडा जिभेने टिपला, डोळे मिटून गिळला आणि पुन्हा डरांव सुरू केले. फोटो हलला, ते सोडा.

आपला,
एक निवृत्त विज्ञानशिक्षक, डिचोली