दीड हजार मालकाला, विलगीकरण मला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अग्रलेखात आपण कोरोनाच्या गृहविलगीकरणातून बाहेर पडणाऱ्यांना बेजबाबदार म्हटलंत. बरोबर आहे. एप्रिल 2021 च्या अखेरीस मी पॉझिटिव्ह निघालो, तेव्हा त्यांतलाच एक व्हायची माझी पूर्ण तयारी होती. नवव्या दिवशी ताप नव्हता आणि घरात पीठ नव्हतं. शिफ्टवर चालवतो त्या रिक्षाची चावी मागायला मालकांना फोन केला. त्यांनी घाबरून दिली नाही, म्हणून मी जबाबदार नागरिक ठरलो.

पालिकेच्या कोरोना वॉर रूममधून रोज फोन यायचा. ऑक्सिजन किती, ताप किती, वेगळ्या खोलीत राहता ना? आमची 10 बाय 12 ची एकच खोली, माणसं चार. मी आपला 'हो' म्हणायचो. चूल पेटते का, हे 14 दिवसांत एकदाही कुणी विचारलं नाही.

सरकारने मदत दिलीच आहे, असं आपण लिहिता. 13 एप्रिल 2021 ला 5,476 कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात रिक्षावाल्याला 1,500 रुपये. कोणत्या रिक्षावाल्याला? परवानाधारकाला! माझ्याकडे लायसन आहे, बॅज आहे, परवाना मालकांच्या नावावर. त्यांनी सहा वर्षांत हँडल धरलेलं नाही. पैसे जमा झाल्याचा मेसेज त्यांनीच मला दाखवला, वर 'तुझे आले का रे?' हेही विचारलं. माणूस वाईट नाही, आजारपणातले शिफ्टचे पैसे त्यांनी मागितले नाहीत.

शिवभोजन थाळी मोफत होती, हेही लिहिलंत. होती, पार्सलही मिळत होतं. फक्त ते आणायला घराबाहेर पडावं लागायचं. बायको चार घरी धुणीभांडी करते. माझं कळल्यावर चौघांनीही तिला येऊ नको म्हणून सांगितलं, पगार दोघांनीच दिला. घरेलू कामगार म्हणून तिची नोंदणी नाही, म्हणजे तिथलेही 1,500 गेले.

दीड हजाराला 14 ने भागलं तर रोजचे 107 रुपये होतात. तेवढे हातात असते तरी मी चावी मागितली नसती.

जाता जाता, त्याच पानावर 'रिक्षावाल्यांची मुजोरी' असं एक पत्र छापलंत. 1 मार्च 2021 पासून किमान भाडं 18 रुपयांचं 21 झालं. आमचं मीटर तेव्हा बदलून झालेलं नव्हतं, म्हणून छापील दरपत्रक दाखवून पैसे घ्यायचो. त्याला मुजोरी म्हणत नाहीत.

एक शिफ्टवाला, ठाणे
(नाव छापू नये. मालक आपलाच पेपर वाचतात.)